नर्मदेवरच्या जुन्या नावेचे इंजिन

इंदूरच्या सियागंजातील एक प्रसंग श्रोत्यांनी डोळ्यांसमोर आणावा. सकाळची वेळ आहे. धरमपुरीकडून आलेला एक नावाडी दुकानाच्या पायरीवर उभा राहतो, फडक्यात गुंडाळून आणलेली झिजकी पिस्टनरिंग फळीवर ठेवतो आणि म्हणतो, "भैया, नावेच्या इंजिनाची रिंग पाहिजे." दुकानदार मान हलवितो. नावेच्या इंजिनाचे सामान तो ठेवीत नाही. ते मुंबईकडे मिळेल, असे तो सांगतो. नावाडी दुसऱ्या दुकानी जातो, तेथेही तेच उत्तर मिळते, आणि संध्याकाळच्या मोटारीने तो हात हलवीत परत जातो. वस्तुतः त्याला हवी असलेली रिंग पहिल्याच दुकानाच्या मागच्या कप्प्यात असण्याचा पुष्कळ संभव होता. चुकला होता तो एक शब्द. "नावेच्या" असे न म्हणता त्याने "शेतीच्या पंपाच्या इंजिनाची" असे म्हटले असते, आणि बरोबर दोन मापे सांगितली असती, तर काम तेथेच झाले असते.

धार आणि देवास म्हटले की मराठी माणसास पवारांची संस्थाने आठवतात. देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती यांचा एकाच गावात चाललेला दुहेरी कारभार आठवतो. नाव मात्र कोणास आठवत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण ही दोन्ही शहरे माळव्याच्या पठारावर, नदीपासून दूर वसलेली आहेत. परंतु दोन्ही जिल्ह्यांच्या सीमा विंध्याची उतरण उतरून दक्षिणेस नर्मदेपर्यंत पोहोचतात. देवास जिल्ह्यातले नेमावर हे नर्मदेच्या उत्तर तीरावर, हंडियाच्या समोर आहे. नर्मदेचे नाभिस्थान म्हणून भाविक त्यास मानतात. धार जिल्ह्यात धरमपुरी आहे, आणि तेथे पात्राच्या मधोमध बेंट नावाचे बेट असून त्यावर बिल्वामृतेश्वराचे देऊळ आहे. आग्रा-मुंबई रस्ता ज्या पुलावरून नर्मदा ओलांडतो ते खलघाटही याच जिल्ह्यात येते. आणखी पश्चिमेस कुक्षीच्या बाजूला चिखलदा, निसरपूर ही गावे होती. 2019 च्या सप्टेंबरात सरदार सरोवर प्रथमच 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले, तेव्हा या भागातील कित्येक वस्त्या पाण्याखाली गेल्या.

त्या पाण्याने नावेचेही रूप बदलले. पूर्वी वाहत्या, अरुंद पात्रात बांबूचा टेकू आणि दोन वल्ही यांवर नाव पैलतीरी लागत असे. फुगवट्याच्या रुंद आणि खोल पाण्यात बांबू तळाला पोहोचत नाही, वल्ह्याने अंतर काटता काटता माणूस थकून जातो, आणि वारा सुटला तर लाटाही उठतात. तेथे इंजिनावाचून गत्यंतर उरत नाही. परिक्रमावासी तेवढा या गरजेतून मुक्त आहे. त्याला वाटेत कोठेही नर्मदा ओलांडावयाची नसते; त्याची एकच नाव, ती समुद्रसंगमापाशी, विमलेश्वराकडून मिठी तलाईस नेणारी. तीरावर राहणाऱ्या संसारी माणसाला मात्र बाजार, दवाखाना, सोयरीक, सारे काही पाण्यापलीकडे असते.

अशा घाटावर एक जुनी लाकडी नाव दोन-चार पावसाळे पालथी पडलेली आहे आणि ती पुन्हा पाण्यात घालावयाची आहे, असे समजू. फळ्या बदलणे, सांधे भरणे, डांबर लावणे ही सुताराची कामे गावातच होतात, आणि ती करणारे हात अजून तेथे आहेत. घोडे अडते ते इंजिनापाशी. गंजलेले, पाटी हरवलेले, दोनदा रंगविलेले, कोणा मिस्त्रीने कोणत्या तरी इंजिनाचे भाग घालून चालविलेले असे हे यंत्र असते. त्याचा मूळ वंश कोणता, आणि त्याचे भाग आज कोठे मिळतील, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय नाव दुरुस्त झाली असे म्हणता येत नाही. यांपैकी पहिला प्रश्न नीट सुटला तर दुसरा अर्ध्याहून अधिक सुटतो. पैसा फुकट जातो तो बहुधा हा क्रम उलटा केल्यामुळे.

कोकणच्या किनाऱ्यावर गोष्ट निराळी. वसई, रत्नागिरी, मालवण येथील मच्छीमार नौकांवर समुद्रासाठी मुद्दाम सिद्ध केलेली इंजिने असतात. त्यांना खाऱ्या पाण्याची सवय असते, त्यांच्याबरोबर पुढे-मागे फिरविणारा गिअर येतो, आणि तांडेलाला आपल्या इंजिनाचे घराणे तोंडपाठ असते. नर्मदेवरची इंजिने अशी नव्हेत. ती बहुतांशी विहिरीवरून उतरून नावेत आलेली आहेत. शेतकऱ्याने पाणी उपसण्यासाठी जे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन घेतले, तेच पंपापासून सोडवून, ओंडक्याच्या बैठकीवर बोल्टांनी आवळून, त्याच्या दांड्याला पंखा जोडला की नावेचे इंजिन तयार झाले. म्हणून त्याचे कूळ शोधावयाचे ते बंदरात नव्हे, मळ्यात.

मळ्यातली ही जुनी इंजिने मुख्यत्वे दोन घराण्यांची. पहिले लिस्टरचे. इंग्लंडात ग्लॉस्टरशरमधील डर्स्ली गावी आर. ए. लिस्टर यांचा कारखाना होता. तेथे 1930 च्या सुमारास मंद गतीचे एक उभे इंजिन निघाले. त्याच्या मिनिटाला 650 फेऱ्यांच्या नमुन्यात सहा अश्वशक्ती आणि एक सिलिंडर, म्हणून त्याचे नाव 6/1. मोठी जड फ्लायव्हीले, साधी रचना आणि विलक्षण चिवटपणा यांमुळे ते आपल्याकडे इतके रुजले की, मूळ कारखान्यात त्याचे उत्पादन थांबले तरी राजकोटच्या कारखान्यांतून त्याच्या प्रतिकृती निघतच राहिल्या. दुसरे घराणे पेटरचे. हीही मूळची इंग्रजच कंपनी. तिच्या नमुन्याचे मिनिटाला 1500 फेऱ्यांचे, आटोपशीर, पाच अश्वशक्तीचे एव्ही-1 इंजिन किर्लोस्करांनी आपल्याकडे घरोघर पोहोचविले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली निघाली आणि पुण्याजवळ खडकीस तिचा कारखाना उभा राहिला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीचा हा पुढचा विस्तार. साताऱ्याच्या कूपर कारखान्याचे नावही या संदर्भात घेतले पाहिजे. महाराष्ट्रातील जुन्या विहिरींवर त्याची इंजिने पुष्कळ होती.

आता ओळख पटवावयाची कशी? पाटी असेल तर ती प्रथम वाचावी. तीवर कारखाना, नमुना, अश्वशक्ती, फेरे आणि अनुक्रमांक असतात. परंतु तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये. पाटी चार खिळ्यांनी बसते आणि चार खिळ्यांनी निघते. एका इंजिनाची पाटी दुसऱ्यावर चढविल्याची उदाहरणे भंगारबाजारात नित्याची आहेत. पाटीपेक्षा बिडाच्या ओतकामातच उठविलेली अक्षरे अधिक विश्वसनीय, कारण ती खोटी करणे परवडत नाही. तारेच्या ब्रशाने आणि घासलेटाने ब्लॉक, हेड आणि फ्लायव्हील स्वच्छ करावे, त्यावर खडू चोळावा, म्हणजे बुजलेले आकडे वर येतात. ब्लॉकवर एक खूण आणि हेडवर दुसरीच आढळली, तर हे इंजिन दोन इंजिनांचे मिळून झालेले आहे हे तेव्हाच समजून घ्यावे.

यंत्र अद्याप फिरत असेल तर कानही काम देतो. चार धक्क्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांस एक स्फोट होतो. 650 फेऱ्यांचे इंजिन म्हणजे मिनिटाला 325 ठोके, सेकंदाला पाच-साडेपाच. ते जवळजवळ मोजता येतात. 1500 फेऱ्यांच्या इंजिनाचे सेकंदाला साडेबारा ठोके होतात, आणि ते कोणाच्याही कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांची एक सलग घरघर होते. नदीकाठी आयुष्य गेलेला माणूस अंधारात आवाजावरून कोणाची नाव आली हे सांगतो ते याच्याच बळावर. त्याला आकडा ठाऊक नसतो इतकेच.

मात्र खरी ओळख मापात आहे. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव, ही दोन मापे म्हणजे इंजिनाचे नाव आणि आडनाव. एव्ही-1 मध्ये व्यास 80 मिलिमीटर आणि धाव 110 मिलिमीटर. त्याच घरातील टीव्ही-1 मध्ये धाव तीच 110, पण व्यास 87.5. धाव सारखी असल्यामुळे नवशिक्याची येथे गफलत होते आणि एकाचे पिस्टन, गास्केट दुसऱ्यासाठी विकत आणले जाते. लिस्टर 6/1 चा व्यास 114.3 आणि धाव 139.7 मिलिमीटर. हे आकडे असे विचित्र का, याचे उत्तर त्यांतच आहे: ते साडेचार आणि साडेपाच इंच आहेत. माप मिलिमीटरांत वेडेवाकडे आणि इंचांत सरळ निघाले की, यंत्राचा आराखडा जुन्या इंग्रजी वळणाचा आहे असे खुशाल समजावे.

परंतु मोजतानाही एक सापळा आहे, आणि त्यात चांगले चांगले मिस्त्री सापडतात. जुने सिलिंडर सर्वत्र सारखे झिजत नाही. पिस्टनची वरची रिंग जेथे परत फिरते तेथे झीज सर्वांत जास्त. तिच्या वर, जेथे रिंग पोहोचतच नाही, तेथे मूळ मापाची एक कड शिल्लक राहते. माप त्या कडेशी घ्यावे, आणि झिजलेल्या भागाचेही घेऊन ते निराळे लिहून ठेवावे. शिवाय इंजिन पूर्वी एकदा खरादीकडे जाऊन आलेले असू शकते. सिलिंडर झिजले की ते थोडे मोठे कातून त्यात जाडा पिस्टन घालण्याची पद्धत आहे, आणि हे वाढीव पिस्टन ठरावीक टप्प्यांनी मिळतात: पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण आणि एक. तेव्हा व्यास 80.5 निघाला, तर साडेऐंशीचे कोणते इंजिन असते याचा शोध करीत बसू नये. ते 80 चेच आहे. एका दुरुस्तीतून अर्ध्या मिलिमीटरने पुढे गेलेले आहे. जुन्या पिस्टनच्या माथ्यावरची काजळी हळूच पुसली तर तेथे हाच आकडा कोरलेला सापडतो. क्रँकच्या बाबतीत हिशेब उलटा चालतो. तेथे दांडा कातून बारीक होतो आणि बेअरिंग त्या प्रमाणात जाड घ्यावे लागते.

काही भागांची तर इंजिनाशी सांगड घालण्याचीही गरज नसते, कारण ते आपला पत्ता स्वतःच सांगतात. गोळ्यांच्या बेअरिंगच्या कडेवर एक क्रमांक असतो. समजा तो 6205 आहे. शेवटच्या दोन आकड्यांस पाचाने गुणले की आतल्या भोकाचे माप निघते: पंचवीस मिलिमीटर. बाहेरचा व्यास 52 आणि रुंदी 15 हेही त्या क्रमांकानेच ठरलेले असते. मग ते बेअरिंग स्वीडनचे असो, जपानचे असो वा आपल्या देशातले असो, त्या जागी बसतेच. तेल अडविणाऱ्या सीलवरही तीन मापे छापलेली असतात; दांडा, घर आणि जाडी. नोझलच्या अंगावर बारीक अक्षरे असतात. डी.एन. ने सुरुवात झाली तर ती टोकाशी खिळी असलेली जात, आणि डी.एल.एल.ए. असेल तर बारीक छिद्रांची लांब जात. ही अक्षरे भिंगातून वाचून जशीच्या तशी उतरून घ्यावीत. दिसायला हुबेहूब सारखी दोन नोझले इंजिनात मात्र अगदी वेगळी वागतात. चुकीचे नोझल घातलेली नाव काळा धूर ओकीत, डिझेल गिळीत कशीबशी चालते, आणि नावाडी बिचारा दोष डिझेलला देतो.

आणि आटे. बोल्टाच्या आट्यांकडे कोणी लक्ष देत नाही, पण जुन्या इंजिनाची परीक्षा तेथेच होते. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली आट्यांचे एक प्रमाण सुचविले, त्यात आट्याचा कोन 55 अंशांचा होता. मेट्रिक आट्याचा कोन 60 अंशांचा. आपल्या देशात वजनामापांचा दशमान कायदा 1956 साली झाला आणि इंच हळूहळू मागे पडला. पण इंग्रजी आराखड्यावर बनणाऱ्या इंजिनांत इंची आटे त्यानंतरही राहिले. परक्या जातीचा बोल्ट अशा भोकात पहिले दोन फेरे गोडीने जातो, तिसऱ्याला अडतो. मग मिस्त्री पाना लांब करतो, जोर लावतो, बोल्ट बसतो, आणि आतले आटे चिरडले जातात. आटे मोजण्याचे पात्यांचे गेज थोडक्या पैशांत मिळते आणि खिशात मावते. ते नसलेल्या मिस्त्रीच्या हाती जुने इंजिन न दिलेले बरे.

ही सारी मापे एका वहीत उतरली म्हणजे बाजाराला निघावे. आणि पहिला बाजार घरापाशीच आहे. माळव्यात शेतोशेती वीज पोहोचल्यापासून कित्येक डिझेल इंजिने विहिरीच्या कडेला, गोठ्याच्या मागे, कडब्याखाली निवांत पडून आहेत. त्यांतले एखादे आपल्याच मापाचे निघाले तर ते संपूर्ण विकत घ्यावे. एकेक भाग शोधून जोडण्यापेक्षा हे पुष्कळदा स्वस्त पडते. आणि किमतीपेक्षाही मोठा लाभ असा की, प्रत्येक भाग मुळात कसा होता आणि कोणावर कोण बसत होता हे समोर दिसते. नंतर इंदूरचे सियागंज आणि लोहामंडी. लिस्टर घराण्याचे भाग राजकोटहून येतात. किर्लोस्करांचे पुण्याहून आणि त्यांच्या विक्रेत्यांकडून. डिझेलचा पंप आणि नोझल यांचे काम ज्या दुकानात तपासणीचे यंत्र आहे तेथेच करून घ्यावे, नुसत्या नजरेने ते पारखता येत नाही.

यात एक गंमत आहे. धार जिल्ह्यातील पीथमपुरात मालमोटारी बनतात, आणि 2021 साली सुरू झालेली 11.3 किलोमीटरची मोटारींच्या चाचणीची वेगवान धाव तेथे आहे. देवासला किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे, दातेरी चाके बनविणारा गजरा यांचा कारखाना आहे. यंत्रविद्येने इतक्या गजबजलेल्या या दोन जिल्ह्यांतला नावाडी एका रिंगेसाठी दारोदार फिरतो. कारखान्यांचा यात काही दोष नाही. त्यांना हजारांच्या संख्येने बनवावयाचे असते, नावाड्याला एकच हवी असते. पण त्या कारखान्यांतून निवृत्त झालेले, हाताला मायक्रोमीटरची सवय असलेले फिटर आणि खरादी आज दोन्ही शहरांत राहतात. एखादी बुशिंग, एखादी पिन, एखादा जोडाचा तुकडा नमुन्यावरून कातून देणे हा त्यांच्या डाव्या हातचा मळ आहे. दुकानात न मिळणारा भाग त्यांच्या ओसरीवर मिळतो.

नुसती वस्तू येऊन भागत नाही, ती बसविणाराही लागतो, याची एक जुनी साक्ष देवासातच आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांच्याकडे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने होते. बागा, मोटारी आणि वीजघर यांवर देखरेख त्यांच्याकडे होती. त्यांची तेथील पत्रे 1953 साली पुस्तकरूपाने निघाली. देवासच्या कोरड्या हवेने तडकलेले पियानो आणि भारी किमतीच्या, पण बसविल्यावाचून निकामी पडलेल्या विजेच्या बॅटऱ्या यांचे वर्णन त्यांत आले आहे. पैसा होता, माल आला होता. अडले ते माहितगार हातांवाचून.

येथवर मळ्यातून मिळणाऱ्या अर्ध्या भागाची कथा झाली. उरलेला अर्धा भाग नावेचा स्वतःचा आहे, आणि तो सियागंजात खरोखरच मिळत नाही. दांडा, दांडा बाहेर पडतो ती नळी, तिच्या तोंडाचे ग्लँड, आणि पंखा. पंख्याच्या गाभ्यावर बहुधा इंचांत दोन आकडे ठोकलेले असतात. पहिला व्यासाचा, दुसरा आट्याचा. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जितका आत शिरतो, तितका पंखा पाण्यात एका फेऱ्यात पुढे सरकेल असे मानले, तर ते अंतर म्हणजे पंख्याचा आटा. पंखा उजवा की डावा हेही पाहावे लागते; नावेच्या मागे उभे राहून पाहताना पुढे जातेवेळी तो घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजवा. इंजिन बदलले आणि त्याची फिरण्याची दिशा उलटी निघाली, की तोच पंखा नावेला मागे ओढू लागतो. फार मोठा पंखा घातला तर इंजिनाला आपले फेरे गाठता येत नाहीत, ते गुदमरते. हे सामान मुंबईच्या दारूखान्यात, गुजरातच्या अलंगकडील जुन्या मालाच्या बाजारांत किंवा कोकणच्या बंदरांतील ओतकाम करणाऱ्यांकडे मिळते. कोकणात समुद्राच्या मिठाशी झुंजण्यासाठी तळाला जस्ताच्या वड्या लावतात. नर्मदेच्या गोड्या पाण्यात त्यांची तितकी निकड नाही. येथला शत्रू दुसरा, तो म्हणजे गाळ. पावसाळ्यात काळ्या मातीने दाटलेले पाणी इंजिन थंड ठेवण्यासाठी आत घेतले जाते, त्याचा थर सिलिंडरभोवतीच्या पोकळीत बसतो, आणि वरून धडधाकट दिसणारे इंजिन आतून तापत राहते. जुने इंजिन उघडले की ती पोकळी आधी खरवडावी. कित्येकदा रोग तेवढाच असतो.

दांडा आणि इंजिन एका रेषेत आणण्याचे काम काठावर करू नये. लाकडी नाव कोरडी असताना तिचा आकार निराळा असतो, पाण्यात पडून फळ्या फुगल्या आणि तिचे वजन पाण्याने तोलले की निराळा होतो. म्हणून नाव पाण्यात घालून, एक-दोन दिवस मुरू देऊन, मगच जोडाच्या दोन चकत्यांमधली फट चारी बाजूंनी पातळ पट्टीने मोजावी आणि बैठकीखाली पत्रे सरकवून ती सारखी करावी. काठावर केसासारखी बारीक जुळवून आणलेली रेष पाण्यात वाकडी निघालेली पाहून हताश झालेले मिस्त्री थोडे नाहीत. ग्लँडमधून फिरताना थेंब-थेंब पाणी आत यावे. तो दोष नव्हे, त्या थेंबानेच डोरी जळत नाही.

जुने भाग वापरावे कोठे आणि वापरू नयेत कोठे, याविषयी मात्र तडजोड असू नये. फ्लायव्हील, ब्लॉक, बाजूची झाकणे, गाडीसारखी जड बैठक, ही जुनीच बरी. त्यांतले बीड वर्षानुवर्षांच्या उष्णतेने मुरलेले असते. पण कनेक्टिंग रॉडचे बोल्ट कधीही जुने, आणि कधीही खरादीकडून साध्या सळईतून कातलेले नसावेत. मिनिटाला 1500 फेरे घेणाऱ्या इंजिनात तो बोल्ट पुन्हा पुन्हा ताणला जातो. तो तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, आणि हे मळ्यात झाले तर पीक पाण्यावाचून राहते, पात्राच्या मध्यावर झाले तर नावेत माणसे असतात. डिझेलची नळी आणि तिचे सांधे यांचेही तसेच. या दोन ठिकाणी वाचविलेल्या शे-दोनशे रुपयांवर कोणाचे तरी मूल बसून पलीकडे शाळेला जाते, हे मिस्त्रीनेही ध्यानात घ्यावे आणि मालकानेही.

2022 च्या जुलैच्या 18 तारखेस इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्राची एस. टी. खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली आणि निदान बारा माणसे दगावली. पावसाळ्याच्या त्या पाण्यात शोधासाठी नावा उतरल्या होत्या. एरवी बेंटावर भाविकांना नेणारी, परतीला भाजीच्या टोपल्या आणणारी नाव कोणत्या दिवशी कोणत्या कामाला लागेल याचा नेम नसतो. आणि त्या दिवशी इंजिन पहिल्या हँडलला लागते की दहाव्याला, याला फार महत्त्व येते.

1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी 2021 साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. यंत्राने चालणाऱ्या नावेची नोंदणी आणि तपासणी त्यात अपेक्षित आहे. इंजिन बदलले वा दुसऱ्याचा ब्लॉक घातला, तर मापांच्या वहीबरोबर खरेदीची पावतीही जपून ठेवावी. तपासनीस विचारतो तेव्हा ओतकामातल्या आकड्याशी ती ताडून पाहता येते.

सारे भाग बसले की पहिल्याच दिवशी पैलतीर गाठण्याची घाई करू नये. पिस्टनच्या माथ्यावर शिशाच्या तारेचा तुकडा ठेवून, हेड घट्ट करून फ्लायव्हील हाताने एकवार फिरवावे. चेपलेल्या तारेची जाडी म्हणजे पिस्टन आणि हेड यांमधली मोकळीक, ती पुस्तिकेतल्या मापाशी जुळली पाहिजे. मग तेल, मग पाणी, मग डिझेलमधली हवा काढणे. नाव दोराने घाटाला बांधून ठेवून अर्धा तास रिकाम्या पंख्याने चालवावी, आणि एकाने आत बसून ग्लँडवर व बोल्टांवर हात ठेवावा. दुसऱ्या दिवशी हेडचे नट पुन्हा आवळावेत. त्यानंतर दोन माणसांनिशी, वल्ही आणि दोर बरोबर ठेवून, प्रवाहाच्या वरच्या अंगाने एक फेरी करावी. कारण इंजिन बंद पडले तर नाव वाहत वाहत आपल्याच घाटाकडे येते. मापांची वही मेणकापडात गुंडाळून सुकाणूजवळच्या कप्प्यात ठेवावी.